स्पर्धेच्या बार्बेक्यूसाठी महागडा कूलर: पैसे कुठे टाकावेत, कुठे वाचवावेत

अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांत उतरू पाहणारा नवा संघ स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी), थर्मामीटर, सुऱ्या यांची खरेदी पटापट उरकतो आणि कूलरपाशी येऊन अडतो. दुकानात एका बाजूला पन्नास-साठ डॉलरची कोलमन किंवा इग्लूची पेटी असते, दुसऱ्या बाजूला साडेतीनशे-चारशे डॉलरचा यती. बाहेरून दोन्हींचा आकार जवळपास सारखाच. मग एवढा फरक कशाचा, आणि स्पर्धेत तो उपयोगी पडतो का?

उत्तर आधीच सांगतो. कच्चं मांस थंड ठेवायला जाड भिंतींचा चांगला कूलर घेणं योग्य आहे, आणि तोही सर्वांत महागाच हवा असं नाही. शिजलेलं मांस गरम धरून ठेवायला साधी पेटी पुरते, तिथे जास्तीचे पैसे थर्मामीटरवर घालावेत. पेयांसाठी महाग कूलर घेऊच नये. याची कारणं आणि प्रत्येक कामाची पद्धत पुढे देत आहोत.

आधी नियम समजून घ्या

बहुतेक मोठ्या स्पर्धा कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या, म्हणजे केसीबीएसच्या नियमांनी चालतात. विभाग चार: चिकन, पोर्क रिब्ज (डुकराच्या बरगड्या), पोर्क आणि ब्रिस्केट (गाईबैलाच्या छातीचं मांस). शनिवारी दुपारी साधारण १२ वाजता चिकन, १२:३० ला रिब्ज, १ ला पोर्क आणि १:३० ला ब्रिस्केट परीक्षकांकडे द्यायचं असतं. प्रत्येकाला पाच मिनिटं आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंत एवढीच मुभा. ती हुकली की तो विभाग गेला.

कूलरच्या दृष्टीने तीन नियम महत्त्वाचे. पहिला: मांस कच्चंच आणायचं, आयोजकांच्या तपासणीआधी त्याला मसाला, मॅरिनेड, इंजेक्शन (सुईने आत सोडायचं मसाल्याचं पाणी) काहीही लावायचं नाही. छाटणी मात्र घरी करून आणता येते. दुसरा: शिजवण्याआधी मांस ४० अंश फॅरनहाइट (सुमारे ४ सेल्सिअस) किंवा त्याखाली राहिलं पाहिजे, आणि शिजल्यावर धरून ठेवायचं तर १४० अंश (६० सेल्सिअस) किंवा वर. तिसरा नियम नवीन लोकांच्या लक्षात येत नाही, पण सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे: मांस शिजवण्यासाठी किंवा गरम धरण्यासाठी गॅस अथवा विजेची उष्णता वापरता येत नाही. हॉटेलांत असते तशी विजेवरची गरम कपाटं इथे चालत नाहीत. मांसात आहे तेवढीच उष्णता जपायची, आणि ती जपणारी वस्तू म्हणजे कूलर. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते, म्हणून स्पर्धेआधी त्या वर्षीची प्रत वाचून घ्या.

पुढचे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, कारण तिथले थर्मामीटर, पाककृती आणि नियम त्याच मापात चालतात.

थंड आणि गरम ही दोन वेगळी कामं

कूलरमधून उष्णता किती वेगाने आत-बाहेर जाते, ते आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. उन्हाळ्यात बाहेर ९० अंश आणि आत ३६ असेल, तर फरक ५४. गरम मांसाच्या पेटीत आत १७५ आणि बाहेर ८० असेल, तर फरक ९५. म्हणजे गरम पेटीतली गळती जवळपास पावणेदोनपट. एवढंच पाहिलं तर महाग कूलर गरम मांसाला घ्यावा असं वाटेल.

पण वेळ पाहा. गुरुवारी रात्री भरलेलं कच्चं मांस शनिवारी सकाळपर्यंत थंड राहायला हवं, म्हणजे ३० ते ३६ तास. त्यातही सर्वांत नाजूक असलेलं चिकन सर्वांत शेवटी, शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास स्मोकरवर चढतं, म्हणून सर्वांत जास्त वेळ तेच पेटीत असतं. गरम ब्रिस्केटला मात्र तीन-चार तास काढायचे असतात. शिवाय दोन ब्रिस्केट आणि दोन पोर्क बट (डुकराच्या खांद्याचे तुकडे) शिजून तीस-पस्तीस पाउंड भरतात, आणि एवढ्या मांसात भरपूर उष्णता साठलेली असते. नीट गुंडाळून टॉवेलांत बसवलेलं मांस साध्या पेटीतही चार तास १४० च्या बरंच वर राहतं.

जास्तीचे पैसे कशाचे

यतीची सुरुवात २००६ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला झाली, आणि तेव्हापासून जाड भिंतींच्या रोटोमोल्डेड कूलरांचं पेवच फुटलं: ऑर्का, ग्रिझली, पेलिकन, आरटिक, एंजेल. रोटोमोल्डिंगमध्ये पॉलिएथिलीनची भुकटी तापत्या फिरत्या साच्यात वितळवून एकसंध कवच करतात आणि पोकळीत पॉलियुरेथेनचा फेस भरतात. भिंत दीड-दोन इंच, झाकण त्याहून जाड, झाकणाला फ्रीजसारखी रबरी पट्टी, रबरी खिट्या, दोरीच्या मुठी.

स्वस्त पेटीचं खरं दुखणं भिंतीत कमी आणि झाकणात जास्त असतं. पुष्कळ स्वस्त मॉडेलांचं झाकण आतून पोकळ असतं, त्यात फेसच नसतो. रबरी पट्टीही नसते. गरम मांसाच्या पेटीत याचा त्रास जास्त, कारण गरम हवा वर चढते आणि झाकणाच्या फटीतून निसटते. थंड हवा खाली बसते, म्हणून थंड पेटीत झाकणाची फट तितकी नडत नाही. ती पेटी उन्हात ठेवली की पोकळ झाकण तिथेही महागात पडतं.

महागड्या कूलरच्या किमतीत स्पर्धेला निरुपयोगी गोष्टीही असतात. अनेक मॉडेलांवर अस्वलाला फोडता येणार नाही असं प्रमाणपत्र असतं. जंगलात तंबू ठोकणाऱ्याला ते हवंच, स्पर्धेच्या मैदानावर त्याचं काही काम नाही. आणखी एक गोष्ट पाहून घ्या: मॉडेलच्या नावातला आकडा आणि आतली जागा एकच असतील असं नाही. यतीच्या टुंड्रा ४५ मध्ये सुमारे ३७ क्वार्टच (क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडं कमी) जागा असते. भिंती जाड असल्याने बाहेरून मोठा दिसणारा कूलर आतून लहान निघतो.

आधी जागेचा हिशेब, मग ब्रँड

चारही विभागांत उतरणाऱ्या संघाचं मांस साधारण असं असतं: १५ पाउंडांची दोन ब्रिस्केट, नऊ पाउंडांचे दोन ते चार पोर्क बट, रिब्जच्या चार ते सहा पट्ट्या, आणि चिकनच्या मांड्या आठ-दहा पाउंड. एकूण ७० ते ९० पाउंड. एका क्वार्टमध्ये साधारण दोन पाउंड मांस बसतं, म्हणून नुसत्या मांसालाच ३५ ते ४५ क्वार्ट लागतात. वर २० पाउंड बर्फ आणि तुकड्यांमधल्या फटी. एकूण ७५ ते ८० क्वार्टच्या खाली भागत नाही.

मग शंभर क्वार्टचा एकच कूलर घ्यावा असं वाटेल, पण ते टाळा. ९० पाउंड मांस, २० पाउंड बर्फ आणि पेटीचं ४० पाउंड वजन मिळून दीडशे पाउंड होतात. ट्रेलरच्या पायरीवर ते दोघांनाही जड जातं. शिवाय चिकन काढायला उघडलं की ब्रिस्केटलाही गरम हवा लागते. ५० ते ६५ क्वार्टचे दोन कूलर घ्या: एकात ब्रिस्केट आणि बट, दुसऱ्यात रिब्ज आणि चिकन.

खरेदीला जाताना मोजपट्टी आणि फूल साइझचा एक अॅल्युमिनियम पॅन सोबत न्या. अख्खं ब्रिस्केट वीस इंचांहून लांब असू शकतं, आणि जाड भिंतींच्या लहान कूलरच्या तळाशी ते आडवं मावत नाही. वाकवून कोंबलं तर फ्लॅटला, म्हणजे त्याच्या पातळ सपाट भागाला, घडी पडते आणि ते स्मोकरवर सपाट बसत नाही. फूल साइझचा पॅन साधारण १२ बाय २० इंचांचा असतो. तपासणीनंतर इंजेक्शन दिलेलं मांस अशाच पॅनमध्ये ठेवायचं असतं, आणि तो पॅन कूलरमध्ये बसला नाही तर शुक्रवारी संध्याकाळी सगळी मांडणी विस्कटते. हाफ साइझचे पॅन बहुतेक कूलरांत बसतात, तशी आखणी केली तरी चालेल.

दुकानातच झाकणाची परीक्षा करा. कागदाची एक पट्टी झाकणात धरून खिट्या लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी आणि विशेषतः बिजागऱ्यांपाशी ती अडली पाहिजे. कुठे सहज निघून आली तर तिथे पट्टी टेकत नाही. महाग कूलरही या परीक्षेत नापास होतात. तसं दिसलं तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा.

बर्फाची चाचणी

कंपन्यांचे पाच दिवस, सात दिवस हे आकडे साधारणपणे बर्फाने भरलेल्या आणि न उघडलेल्या पेटीचे असतात. स्पर्धेत पेटी मांसाने भरलेली असते आणि दिवसभर उघडते. म्हणून स्वतःच्या पेटीचा आकडा स्वतः काढा:

१. आदल्या रात्री पेटीत १० पाउंड बर्फ टाकून भिंती थंड करून घ्या. सकाळी तो बर्फ आणि पाणी काढून टाका.
२. नवा २० पाउंड बर्फ भरा. स्पर्धेत जशी सावली मिळेल तशा सावलीत पेटी ठेवा.
३. दर चार तासांनी एकदा झाकण अर्धा मिनिट उघडा.
४. २४ तासांनी तोटीतून पाणी काढून मोजा. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पाउंड वितळलेला बर्फ.

समजा, चांगल्या कूलरमध्ये दिवसाला ९ पाउंड बर्फ वितळला आणि साध्यात १८. स्पर्धेच्या ३६ तासांना ते होतात १३.५ आणि २७ पाउंड. उन्हाची आणि जास्त उघडझापीची तरतूद म्हणून दीडपट धरा: २० आणि ४० पाउंड. फरक २० पाउंडांचा, म्हणजे दोन पिशव्या, साधारण सहा डॉलर. हंगामात आठ स्पर्धा केल्या तर पन्नास डॉलरच्या आतच. दोन कूलरांच्या किमतीत २८० डॉलरचा फरक असेल तर नुसत्या बर्फातून तो भरून यायला जवळपास सहा हंगाम लागतील. बर्फाची बचत होते म्हणून महाग कूलर घ्या, असं कुणी सांगितलं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

खरा फायदा दुसरीकडे आहे. जास्तीचा २० पाउंड बर्फ मांसाची जागा खातो. आणि शुक्रवारी मध्यरात्री स्मोकर पेटवायच्या वेळी बर्फ आणायला कुणाला तरी पाठवावं लागत नाही. जुलैत ओक्लाहोमा किंवा टेक्सासमध्ये उतरणाऱ्या संघाला हे मोलाचं आहे. टेनेसीतल्या लिंचबर्गला ऑक्टोबरात होणाऱ्या जॅक डॅनियल्सच्या निमंत्रितांच्या स्पर्धेसारख्या थंड हवेत हा फायदा फार कमी होतो. वर्षाला दोन-तीनच स्पर्धा करणार असाल, तर शंभर-दीडशे डॉलरचा मधल्या वर्गातला, फेस भरलेल्या झाकणाचा आणि रबरी पट्टीचा कूलर पाहा. लाइफटाइमसारख्या कंपन्या असे कूलर करतात. आमच्या मते बहुतेक संघांना हाच वर्ग योग्य आहे.

कच्च्या मांसाची पेटी कशी भरावी

कूलर आदल्या दिवशीच थंड करणं ही सर्वांत स्वस्त सुधारणा. जाड भिंतींचा कूलर गरम गॅरेजमधून थेट काढून भरला, तर पहिला अडीच-तीन पाउंड बर्फ नुसता भिंती थंड करण्यातच जातो. भिंत जितकी जाड आणि जड, तितका हा खर्च जास्त. महाग कूलर घेऊन निराश झालेल्यांच्या तक्रारीमागे बहुधा हीच चूक असते.

मांसही आधी घरच्या फ्रीजमध्ये ३४ ते ३६ अंशांवर आणा. कूलरचं काम थंडी टिकवणं, गरम मांस थंड करणं नव्हे. किराणा दुकानातून ४२ अंशांवर आणलेलं ८० पाउंड मांस ३६ वर आणायला काही पाउंड बर्फ खर्ची पडतो, आणि ते होईपर्यंत तुम्ही नियमाबाहेर असता.

बर्फासाठी एक गॅलनचे पाण्याचे डबे तीन-चार दिवस आधी गोठवून ठेवा. गोठताना पाणी फुगतं, म्हणून वर दोन इंच जागा सोडा. मोठा गोळा सुट्या बर्फापेक्षा हळू वितळतो आणि पाणी डब्यातच राहतं. हे महत्त्वाचं आहे, कारण व्हॅक्युम पिशव्यांना बारीक छिद्रं असू शकतात, आणि वितळलेलं पाणी आत शिरलं की मांस फिकट पडतं. चिकनमध्ये हे फार लवकर दिसतं.

भरायचा क्रम असा. तळाशी डबे. त्यावर तारेची जाळी किंवा पालथा घातलेला उथळ पॅन, म्हणजे काही पाणी साचलंच तरी मांस वर राहतं. ब्रिस्केटच्या पेटीत आधी ब्रिस्केट, त्यावर बट, मधल्या फटींत सुटा बर्फ पिशव्यांत बांधून. दुसऱ्या पेटीत चिकन घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सर्वांत खाली, रिब्ज वर. चिकनचं पाणी दुसऱ्या मांसावर पडता कामा नये, म्हणून ते काढायला गैरसोयीचं झालं तरी जागा तळाशीच. शेवटी वरून पातळ बर्फाच्या पिशव्या, कारण थंड हवा खाली उतरते. वर रिकामी जागा उरली तर टॉवेल किंवा फोमची पट्टी घाला.

एक तारेचा थर्मामीटर मधल्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा आणि ३९ अंशांना गजर लावा. तार बिजागरीच्या बाजूने बाहेर काढा. खिटीच्या बाजूला ती दाबली जाऊन तुटते.

मैदानावर पोहोचल्यावर पेटी डांबरावर ठेवू नका, लाकडी पॅलेटवर चढवा. दुपारी सावली कुठे सरकेल ते पाहून जागा निवडा. तपासणीच्या वेळी पेट्या पुढे काढा, झाकणं एकदाच उघडावी लागतील अशी मांडणी ठेवा. पाणी आणि शीतपेयांचा कूलर वेगळा आणि लांब ठेवा. तो दिवसात शंभर वेळा उघडतो, म्हणून त्याला सर्वांत स्वस्त पेटी द्या.

गरम मांस धरून ठेवणं: इथे मोफत शहाणपण महाग पेटीपेक्षा जास्त कामाला येतं

ब्रिस्केट साधारण २०० ते २०५ अंशांना मऊ होतं, बट १९५ ते २०० ला. नेमका आकडा सांगून उपयोग नाही, प्रोब (थर्मामीटरची टोकदार सळई) लोण्यात शिरावा तसा मांसात शिरला पाहिजे. सकाळी साडेनऊ-दहाला ब्रिस्केट उतरलं आणि दीड वाजता द्यायचं, तर मधले साडेतीन तास कूलरचे. चिकन आणि रिब्जना हा टप्पा शक्यतो नकोच. चिकनची कातडी झाकलेल्या वाफेत रबरासारखी होते.

घात बहुधा मांस थंड पडल्याने होत नाही, जास्त शिजल्याने होतो. २०३ अंशांवरचं ब्रिस्केट फॉइलसकट थेट जाड कूलरमध्ये टाकून झाकण लावलं, की ते पुढचे दोन-अडीच तास किंवा त्याहूनही जास्त वेळ १८० च्या वर राहतं. तोवर आतलं कोलॅजेन विरघळतच राहतं. कापायला घेतल्यावर काप सुटतात, परीक्षकाच्या हाती तुकडे पडतात. पेटी जितकी चांगली, तितका हा धोका मोठा. बटमध्येही हेच: गुण मिळवून देणारा मनी मसल नावाचा गोल भाग बाकी बटच्या आधीच मऊ होतो, आणि गरम पेटीत तो पार ढासळतो. केसीबीएसच्या गुणांत चवीखालोखाल मऊपणालाच वजन आहे, म्हणून ही चूक थेट निकालावर उतरते.

पद्धत अशी:

१. मांस उतरवण्याआधी अर्धा तास पेटी तापवा. दोन गॅलन पाणी १५० ते १७० अंशांचं करून आत ओता, झाकण लावा. उकळतं पाणी स्वस्त पेटीत ओतू नका, आतलं पातळ प्लास्टिक वाकतं.

२. ब्रिस्केट उतरलं की फॉइल वरून पूर्ण उघडा. वाफ निघून जाऊ द्या. रस वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवा.

३. थर्मामीटर आतच ठेवा. जाड भागाचं तापमान १७० ते १७५ वर येईपर्यंत थांबा. वारा आणि आकारमानानुसार याला १५ ते ३० मिनिटं लागतात. बट असेल तर मनी मसल १७० च्या खाली येऊ द्या.

४. नव्या फॉइलने दुहेरी घट्ट गुंडाळा किंवा पॅनमध्ये ठेवून फॉइलने कडा दाबून झाका.

५. पेटीतलं पाणी काढा, पुसा. तळाशी दुहेरी घडीचा जुना टॉवेल, त्यावर मांस, भोवती आणि वर आणखी टॉवेल. रिकामी जागा अजिबात ठेवायची नाही. टॉवेलाचं दुसरं काम प्लास्टिक वाचवणं: तापलेलं फॉइल आतल्या भिंतीला थेट टेकलं तर स्वस्त पेटीला फुगवटे येतात.

६. प्रोबची तार बाहेर काढून १५० अंशांना गजर लावा. नियमाची मर्यादा १४० असली तरी दहा अंश हाताशी ठेवा.

७. मधे उघडून पाहू नका. बाहेरचा आकडा पुरेसा आहे.

गजर वाजलाच तर मांस फॉइलसकट स्मोकरवर २२५ ते २५० अंशांना परत चढवा आणि आकडा वर आला की काढा. स्मोकर विझवलेला असेल तर हा मार्ग बंद होतो. म्हणून ब्रिस्केट दिल्याशिवाय आग विझवायची नाही. बर्न्ट एंड्ससाठी (खरपूस चौकोनी तुकड्यांसाठी) पॉइंट, म्हणजे ब्रिस्केटचा जाड, चरबीचा भाग, कापून सॉसमध्ये परत शिजवावा लागतोच, त्यासाठीही आग हवी. पॉइंट १२ च्या सुमाराला वेगळा करा, फ्लॅट पुन्हा गुंडाळून पेटीत ठेवा आणि १:१० पर्यंत तिथेच राहू द्या. पूर्ण फ्लॅटचे काप शेवटच्या वीस मिनिटांत करा. कापलेलं मांस लवकर कोरडं पडतं आणि काळवंडतं.

कॅम्ब्रो घ्यावा का

केटरिंगवाल्यांकडे समोरून उघडणारी, प्लास्टिकची उभी पेटी असते. कॅलिफोर्नियातल्या कॅम्ब्रो कंपनीच्या नावावरून अशा पेटीला सर्रास कॅम्ब्रोच म्हणतात. आत फूल साइझचे पॅन खणांवर सरकवता येतात. यतीच्या किमतीच्याच आसपास ती मिळते, आणि गरम मांसासाठी जास्त खर्च करायचाच असेल तर तो यतीऐवजी इथे करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पॅन एकावर एक रचावे लागत नाहीत, वरचं काढायला खालचं हलवावं लागत नाही, आणि रस सांडत नाही. मात्र विना-विजेचं मॉडेल घ्या, नियम वर सांगितला आहेच. समोरचं दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर येते, म्हणून एक पॅन गरम पाण्याचा सर्वांत खालच्या खणात ठेवा. तो उष्णता भरून काढतो.

स्पर्धेबरोबर केटरिंगही करणाऱ्या संघाला कॅम्ब्रोचे पैसे लवकर वसूल होतात. फक्त स्पर्धा करणाऱ्याला साठ डॉलरची पेटी आणि सहा जुने टॉवेल पुरतात.

साधी पेटी सुधारण्याची रीत

पोकळ झाकण फेसाने भरता येतं, पण घाईने केलं तर बिघडतं. डब्यातला फवारणीचा फेस हवेतल्या दमटपणाने वाळतो. बंद पोकळीत एकदम भरला तर आतला भाग ओलाच राहतो आणि झाकण फुगतं. झाकणाच्या वरच्या बाजूने, आतली बाजू शाबूत ठेवून, ३/८ इंचाची सहा-आठ भोकं पाडा. दारं-खिडक्यांसाठीचा कमी फुगणारा फेस घ्या. प्रत्येक भोकात थोडा सोडा, झाकण दोन फळ्यांत दाबून ठेवा, एक दिवस थांबा, मग पुढची फेरी. भरल्यावर बाहेर आलेला फेस कापून भोकं सिलिकॉनने बंद करा.

याहून सोपा उपाय: एक इंच जाड कडक फोमची पाटी आतल्या मापाची कापा, कडांना अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा आणि ती थेट मांसावर आतलं झाकण म्हणून ठेवा. थंड पेटीत ही पाटी पोकळ झाकणाची उणीव बरीचशी भरून काढते. गरम पेटीत वापरू नका, फोम नरम पडतो; तिथे टॉवेलच बरे.

उरलेलं मांस आणि सफाई

दीडनंतर थकवा येतो आणि चुका इथेच होतात. उरलेलं गरम मांस तसंच बर्फाच्या पेटीत टाकू नका. जाड भिंती जशी थंडी जपतात तशीच मोठ्या तुकड्याच्या पोटातली ऊबही जपतात, आणि मांस संथपणे थंड होताना क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्ससारखे जिवाणू वाढतात. नियमही स्पष्ट आहे: १४० वरून ७० अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ४० च्या आसपास पुढच्या चार तासांत यायला हवं. मांस कापून किंवा ओढून सुटं करून उथळ पॅनमध्ये दोन इंचांपेक्षा कमी थर द्या, पॅन बर्फाच्या पाण्यात बसवा, थंड झाल्यावरच पेटीत ठेवा.

कच्च्या मांसाची पेटी आणि शिजलेल्या मांसाची पेटी कायमच्या वेगळ्या ठेवा, झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून. दोन्ही घरी आल्या दिवशीच भांड्यांच्या साबणाने धुवा. मग एक गॅलन पाण्यात एक टेबलस्पून विनासुगंधी ब्लीच घालून आतून पुसा आणि हवेवर वाळू द्या. रबरी पट्टी निघत असेल तर काढून तिच्या खोबणीतली चरबी टूथब्रशने काढा. महाग कूलरांत हीच जागा सर्वांत आधी वास मारायला लागते. तोटीचं बूच काढून तोटीतून बाटलीचा ब्रश फिरवा. कोरडी झालेली पेटी बूच काढलेल्या आणि झाकण किलकिलं ठेवलेल्या अवस्थेतच ठेवावी, झाकणात एखादा लाकडी चमचा अडकवून.